शिवेबाहेरची खबर

माझ्या माहेरच्या गावकीचा एक नियम होता आणि तो माझ्याच वडिलांनी घालून दिला होता. नुसत्या ऐकलेल्या गोष्टीवर गावकी काही ठरवणार नाही. कसलीही खबर आली, की गावातल्या दोन भावक्यांमधला एकेक माणूस स्वतः जाऊन बघून येणार. दोघांनी एकमेकांशी बोलायच्या आत, वेगवेगळं चावडीत येऊन सांगायचं. आणि ज्याचं काम अडलंय त्याला मात्र काही विचारायचं नाही. त्याच्या घरच्यांनीही त्या बैठकीत तोंड उघडायचं नाही.

हा नियम काही उगाच झालेला नव्हता. लढाई सुरू झाली त्या सुमारास आमच्याच गावच्या एकाने मुरबाडच्या बाजारातून खबर आणली, की सरकार गावोगावचे बैल पलटणीसाठी धरून नेणार आहे. लोकांनी घाईघाईने बैल रानात नेऊन लपवले. सरकार काही आलं नाही. वाघ मात्र आला आणि चांगले जोडीतले बैल खाऊन गेला. मागाहून उमगलं, की खबर आणणाऱ्याला गावच्या चराईवर आपली एकट्याची गुरं सोडायची होती. लोक त्याला मारायला उठले तेव्हा वडिलांनीच त्यांना आवरलं. ते म्हणाले, "गरजेचा मानूस खोटाच बोलतो असा नाय. पन त्याला जेवढा हवा, तेवढाच दिसतो." वडिलांचं आजोळ सिद्धगडाच्या पायथ्याचं. तिकडच्या एका गावात अशी चाल त्यांनी लहानपणी पाहिली होती. ती त्यांनी आमच्याकडे आणली.

मला त्या नियमाचा फार अभिमान होता. आमच्या गावासारखी शहाणी गावकी पंचक्रोशीत नाही, असं मी सासरी गेल्यावरसुद्धा ऐकवायची. सासूबाई एकदा म्हणाल्या, "एवढी शहानी गावकी, मंग तुला इथं कशी दिलीन?" हा नियम कधी माझ्याच वाटेत आडवा येईल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तसं माझ्या डोक्यात न येणारी काळजी शोधूनच काढावी लागेल. पावसात छप्पर गळेल, मांजर दूध पिईल, नवरा घाटातून पडेल, सगळं मी आधीच भोगून ठेवलेलं असायचं.

नवरा कसाऱ्याला, घाटातल्या रुळांच्या कामावर. लढाईच्या दिवसांत तिकडे माणसं कमी पडत, म्हणून तो महिना महिना घरी यायचा नाही. सासरचं गाव आमच्याच नदीवर, पण वरच्या अंगाला. ते शहापूर तालुक्यात आणि माहेर मुरबाड तालुक्यात. मधली हद्द माणसांना ठाऊक होती, नदीला नव्हती.

मला पहिल्यांदाच दिवस गेले होते. रीतीप्रमाणे सातव्यात माहेरी जायचं, पण सासूबाई तापाने अंथरुणाला खिळल्या. त्यांना टाकून जाणं काही बरं दिसेना. मग आठवा सरला, नववा भरत आला आणि वैशाख लागला. तेवढ्यात आमच्या सासरच्या गावात पटकी आली.

विहीर आटली होती. वरच्या आळीतल्या लोकांनी नदीच्या डोहातलं पाणी भरायला सुरुवात केली. नदीला दगडमातीचा बांध घालून तो डोह अडवलेला होता. त्यातच गुरं बसायची, त्यातच धुणं व्हायचं. आधी एका घरात उलट्या-जुलाब लागले, मग शेजारी, मग आळीच्या आळी आडवी पडली. आमच्या घराला काही झालं नाही, ते सासूबाईंच्या खोडीमुळे. त्यांचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता, पाण्यावर तर मुळीच नाही. डोंगरातल्या झऱ्यावरून पाणी आणायचं, दुसऱ्या कोणाचा हात हंड्याला लागू द्यायचा नाही. एवढं पोट घेऊन मी त्या चढावर रोज मनातल्या मनात त्यांना शिव्या दिल्या आहेत.

शहापूरकडून औषधवाला माणूस आला. त्याने विहिरीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात लाल औषध टाकलं. डोहाच्या पाण्याला कोणी शिवायचं नाही आणि आजाऱ्यांची अंथरुणं जाळून टाकायची, असं बजावून तो पुढच्या गावाला गेला. तो गेल्यावर तिथली गावकी बसली. त्यांना वाटलं, नुसतं शिवायचं नाही म्हणजे काय, घाण पाणी गावात ठेवायचंच कशाला? त्यांनी पहारी घेतल्या आणि बांध फोडला. डोह सगळा गडगडत खाली गेला. लोकांनी देवाला नारळ फोडला.

मी दारात उभी राहून ते बघत होते. पाणी खाली जातंय, आणि खाली माझं माहेर आहे. वैशाखात आमच्याकडेही विहिरी खडखडीत, अख्खं गाव नदीच्या डबक्यांतून पाणी भरतं. मी सासूबाईंना म्हटलं. त्या अंथरुणातून उठून बसल्या आणि म्हणाल्या, "तुझा भाऊस आलाय न्यायाला. ऊठ, आताच्या आता नीघ, नि जाऊन सांग." माझा थोरला भाऊ त्याच सकाळी गाडी घेऊन मला न्यायला येऊन पोचला होता. त्याने बैलांना दम खाऊ दिला नाही. पाणी आणि आम्ही एकाच वेळी निघालो.

वाटभर मी नदीकडे बघत होते. गाडीवाट डोंगराला वळसे घेते, नदी सरळ जाते. कुठे कुठे झाडीतून पात्र दिसायचं. कोरड्या वाळूत ओली वाट पडलेली आणि पुढच्या डबक्यात तांबूस फेस. ते आमच्या पुढे गेलं होतं. मी दादाला म्हणायची, "दादा, हाक ना जोरात." तो म्हणायचा, "हाकतो, पन तुला गचके बसतील." मी म्हणायची, "बसू दे." मग गचका बसला की त्यालाच रागवायची.

माहेरच्या शिवेवर पोचलो तो वाटेवर तोरण बांधलेलं. आंब्याचे टाहाळे बांधलेला दोर, या झाडापासून त्या झाडापर्यंत. त्याच्या पलीकडे काठ्या घेऊन माणसं बसली होती. दादा न्यायला निघाला तेव्हा वाट मोकळी होती. तो वरच्या गावात असताना इकडे बाजारात बातमी फुटली, की वर पटकी आहे, आणि खरं-खोटं बघून ठरेपर्यंत गावाने शीव बांधली.

राखणीला बसलेल्यांत आमचा चुलता होता. लहानपणी मला खांद्यावर घेऊन जत्रेला नेणारा. तो उठून उभा राहिला, पण पुढे आला नाही.

"बाय, गाडी तिथंच सोड गो. आत यायचा नाय."

"काका, मी हाय," मी म्हटलं, जशी काही मी त्याला दिसतच नव्हते.

"दिसतय ना मना. म्हनून तर सांगतय. गावकी बसलेय तुझ्याच कामासाठी. मानसं बघायला जातील, मंग ठरल."

दादा ओरडला, "आमाला आत नका घेऊ, पन ऐका तरी! वरच्यांनी डोह फोडलाय. नदीचा पानी पिऊ नका कुनी!"

काकाने दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या पोटाकडे. बरोबरच्या माणसाने हळूच मान हलवली. म्हणाला, "आत यायाला बरी युगत काढलीस रे. आमाला भ्या घालतोस?"

तेव्हा मला कळलं, आपण कुठे उभ्या आहोत. ज्याचं काम अडलंय, ते माणूस मी होते. मी खरं सांगत होते, आणि मी सांगत होते एवढ्यासाठीच ते कोणी घेणार नव्हतं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. त्याला जीभही नसते, हे त्या दिवशी कळलं.

शिवेच्या अलीकडे आमच्याच शेताची खोप होती. दादाने तिथे पेंढा पसरून दिला आणि मी बसले. समोर तोरण, तोरणापलीकडे आमच्या घराचं छप्पर दिसत होतं. ओटीवर कोणी वाळवण घातलं होतं तेही दिसत होतं. एवढं जवळ घर, आणि मी परक्या मुलखात. मला रडू आलं, मग राग आला, मग पुन्हा पाणी आठवलं. आता कोणीतरी कळशी बुडवत असेल. आता कोणीतरी लेकराच्या तोंडाला भांडं लावत असेल.

संध्याकाळच्या आत आई आली. हातात पत्रावळ झाकलेली. तोरणाजवळच्या दगडावर तिने ती ठेवली आणि चार पावलं मागे झाली. मग दादाने जाऊन ती उचलली. आई आणि मी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. पहिलटकरीण मुलगी दारात आली की आई भाकरतुकडा ओवाळून टाकते, डोळ्यांना पाणी लावते. यातलं काही करता येत नव्हतं. ती म्हणाली, "कवा भरतील दिवस?" मी म्हटलं, "भरलेच आयं." आणि मग मी तिला डोहाचं सगळं सांगितलं.

तिने मध्ये एकदाच विचारलं. "तू तुझ्या डोळ्यांनी बघितलास?"

"मी नि दादानं, दोघांनी."

तिने पदर खोचला. मला वाटलं, हीसुद्धा म्हणेल, बा गावकीत बसलाय, त्यांना ठरवू दे. बायका गावकीत बसत नसत, त्यांनी तिथे सांगायचा प्रश्नच नव्हता. पण आई म्हणाली, "मी चावडीवर नाय सांगत. मी पानोठ्यावर सांगते." आणि मग जाता जाता, स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "खोटा निघाला तर बायांचं पाय दुखतील. खरा निघाला तर?"

ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोपीतून बघितलं. आमच्या गावच्या बायका हंडे घेऊन नदीकडे उतरायच्या ऐवजी डोंगराकडे चढत होत्या. वर कपारीत एक झरा आहे, करंगळीएवढी धार. एक हंडा भरायला बराच वेळ लागतो. त्या तिथे ओळ धरून बसल्या. कोणाची बैठक नाही, कोणाचा ठराव नाही. आईने एकीला सांगितलं, तिने दुसरीला. आमच्याशी भांडण असलेल्या घरच्या बायकाही त्या ओळीत होत्या. मला एवढं हायसं वाटलं, की मी आदल्या दिवशीची भाकरी खाल्ली.

चावडीचं मात्र वेगळंच चाललं होतं. तिथली हकिकत काका येऊन सांगायचा. त्यालाही माझी काळजी होतीच, ती तो अशी आडून करायचा. गावकीने दोघांना बघायला पाठवलं होतं. एक वरच्या भावकीतला. त्याच्या मुलीचं वऱ्हाड त्याच वाटेने यायचं होतं, म्हणून वाट मोकळी व्हावी अशी त्याची इच्छा. दुसरा खालच्या भावकीतला. त्याचं आमच्या घराशी शेताच्या बांधावरून वाकडं. नियमाला धरून अगदी बरोबर जोडी निवडली होती. दोघे डोंगराच्या सोंडेवर चढले. तिथून माझं सासर दिसतं. त्यांनी बघितलं आणि वेगवेगळे परत आले.

पहिल्याने सांगितलं, "धूर दिसतोय. राब जाळतायत. गाव धडधाकट हाय." भाताचं रोप टाकायच्या आधी पालापाचोळा आणि शेण जमिनीवर पसरून जाळतात, तो राब. वैशाखात आमच्याकडे सगळीकडे तो धूर असतोच. दुसऱ्याने सांगितलं, "धूर दिसतोय. नदीकाठाला हाय. चिता पेटल्यात."

झालं. धूर एक, आणि गावकीचे दोन भाग. एकाने म्हणायचं राब नदीकाठी कोण जाळतो, दुसऱ्याने म्हणायचं काठाला रोपाची जमीन नसते का. काका सांगत होता आणि मला हसू येत होतं आणि रडूही. दोघेही खोटं बोलत नव्हते. दोघांनाही जे हवं होतं तेच दिसलं होतं. नियम केला होता याच आजारावर, आणि आजार नियमासकट चावडीत येऊन बसला होता.

"काका, त्या गोधड्या हायत," मी म्हटलं. "आजाऱ्यांच्या गोधड्या जाळतात काठावर. औषधवाल्यानं सांगितलाय. राब आमचा कवाच जाळून झाला."

काकाने कानांवर हात ठेवले. खरोखरच ठेवले. "तू बोलू नको गो बाय. तू सांगितलेला मी तिथं बोललो, तर उद्या म्हनतील, पोरीचा ऐकून ठरवला. तुझ्या बाची मान खाली जाईल."

"बा काय म्हनतात?"

"तो काय म्हननार? खांबाला टेकून बसलाय. कुनी तरी बोलला, आता तूच सांग. त्यानं नुसती मान हलवली." मग तो गळ्यावरचा घाम पुसत म्हणाला, "उकाडा असा, का सगळी नुसती पानी पितायत नि बोलतायत. पुन्यांदा मानसं धाडायची ठरली. ह्या वक्ताला पार काठापरत जायचा नि लांबून इचारून यायचा."

मला वडिलांचा राग आला. फार राग आला. चारचौघांपुढे एक शब्द बोलले असते तर त्यांच्या नियमाला काय भोक पडणार होतं? आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं, की ते बोलले असते तर ते माझे वडील राहिले नसते. खांबाला टेकून, लेक शिवेवर बसलेली असताना, लोकांचं राब आणि चिता ऐकत बसायचं. त्यांच्या पोटात काय होत असेल, हा विचार मी करायची आणि लगेच टाकून द्यायची. तेवढ्यात माझी कंबर भरून आली.

आधी वाटलं, गाडीचे गचके. मग कळ परत आली, मग परत. दादा तोरणापाशी धावला. आईला निरोप गेला. आई आली ती हातात गरम पाण्याची किटली, विळी आणि जुनं लुगडं घेऊन. ती थांबली नाही. दोराखाली वाकली.

राखणीवरचा दुसरा माणूस म्हणाला, "वहिनी, गेलात तर गावकीनं सांगेपरत मागारी यायचा नाय. इचार करा."

"मी इचाराय आले नाय," आई म्हणाली. "सांगून जातेय."

बाळंतपणाचं मी काही लिहीत नाही. ज्या बायांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे आणि पुरुषांना सांगून कळत नाही. खोपीच्या कुडातून ऊन येत होतं, एवढं आठवतं, आणि आईचे हात. मुलगी झाली. आईने तिला लुगड्यात गुंडाळून माझ्याजवळ ठेवलं आणि म्हणाली, "शिवेवरची हाय, कुनाला भ्यायची नाय." मला पहिल्यांदाच दोन दिवसांत काळजी वाटेनाशी झाली. ती तेवढाच वेळ.

उन्हं कलताना वडील येताना दिसले. धोतराचा सोगा हातात धरून लांब लांब पावलं टाकत, जवळजवळ पळतच. मागे काका. लांबूनच काका ओरडला, "ठरला! ठरला गो!" दुसऱ्यांदा गेलेली माणसं नदीकाठापर्यंत जाऊन, लांबून विचारून आली होती. तो धूर गोधड्यांचा होता. आजार एका आळीपुरता होता आणि माझ्या सासरचं घर निकोप होतं. दोघांनी वेगवेगळं येऊन एकच सांगितलं. गावकीने एकमताने ठरवलं, की लेकीला आत घ्या. म्हणजे मी काकाला सांगत होते ते गावकीला आता रीतसर कळलं होतं. फक्त पाण्याचं कळलं नव्हतं, कारण पाण्याबद्दल विचारून या असं कोणीच सांगितलं नव्हतं.

वडिलांनी तोरणाचं एक टोक आपल्या हातांनी सोडलं. हसत होते. मी खोपीच्या दारात मुलीला घेऊन बसले होते, त्यांनी मान लांब करून तिला बघितलं. मग ते पुढे यायच्या ऐवजी तिथल्या दगडावर बसले. तोंड घामाने डबडबलेलं, ओठ पांढरे. आई म्हणाली, "काय होतय?"

"उन्हातनं आलो. पोटात जरा ढवळतय." मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, "बाय, आता तुझा काम झाला. आता नियम नाय. आता सांग, तिकडं काय झाला?"

गावकीतल्या माणसाने मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी सांगितलं. डोह, औषधवाला, पहारी, फोडलेला बांध, वाटेत बघितलेला फेस. मी सांगत गेले आणि वडिलांच्या तोंडावरचं हसू तिथेच राहिलं, पण त्यात ते राहिले नाहीत.

"कवा फोडला?"

"दादा आला त्याच सकाळी."

"म्हनून तुमी डोंगरावरनं पानी आनताय," ते आईला म्हणाले. "मना वाटला, नदीचा आटला."

आई म्हणाली, "घराघरात बायांना सांगितलाय, तुमाला सांगायाला नियम आडवा आला. नदीचा कुनी भरीत नाय."

वडिलांनी वळून गावाकडे बघितलं. मग म्हणाले, "चावडीतला रांजन नदीचाच हाय."

चावडीचा रांजण गावचा राखणदार भरायचा. तो एकटा माणूस. बायका पाणोठ्यावरून गेल्यावर निवांत जाऊन कावड भरून आणायचा. त्याला कोण सांगणार? बायकांनी प्रत्येकीने आपापलं घर सांभाळलं होतं. चावडी कोणाचंच घर नव्हतं. आणि दोन दिवस गावातली जाणती माणसं तिथे बसून, राब की चिता करत, त्या रांजणातलं पाणी पीत होती.

मी उठायला गेले. वडिलांनी हात वर केला. मग ते दगडावरून उठले, दोराचं सोडलेलं टोक उचललं आणि परत झाडाला बांधलं. गाठ बसायला वेळ लागला. काकाने पुढे व्हायला बघितलं तर त्यालाही त्यांनी लांब उभं केलं.

"गाडी जोड," ते दादाला म्हणाले. "खर्डीच्या वाटंला मावशीकडं ने हिला. आत आनू नको."

काका म्हणाला, "पन गावकीनं तर..."

"गावकीला मी सांगतो."

आयुष्यभर त्यांनी एकट्याने काही ठरवलं नव्हतं. ते एवढंच ठरवलं आणि त्याला कोणाची साक्ष काढली नाही. माझी मुलगी त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर होती. त्यांनी तिला हातात घेतलं नाही. फक्त म्हणाले, "नाक आमच्या घरचा हाय," आणि पाठ फिरवली.

आईने माझ्याकडे बघितलं. मुलीच्या कपाळावरून हात फिरवला, माझ्या मांडीवर तिला नीट ठेवलं, किटली उचलली आणि दोराखालून वाकून पलीकडे गेली. या खेपेला तिने कोणाला सांगितलंसुद्धा नाही.

मावशीचं घर खर्डीजवळ, भाताच्या खाचरांच्या कडेला होतं. तिने मला शेक दिला, डिंक दिला, मुलीला न्हाऊ घातलं. नवऱ्याला कसाऱ्याला निरोप गेला, तोही आला. मी दिवसभर वाटेकडे तोंड करून बसायची. मावशी म्हणायची, "बाळंतिनीनं वाऱ्याला बसू नये." मी ऐकायची नाही. मला वाटायचं, आई आहे जवळ, ती उकळलेलं पाणी देत असेल, पेज देत असेल, वडील काटक आहेत. मग वाटायचं, पोटात ढवळतंय म्हणाले होते. मग पुन्हा वाटायचं, ते उन्हानेही होतं.

एका सकाळी माहेरचा माणूस आला. वरच्या भावकीतला, तोच, राब म्हणणारा. अंगणात लांब उभा राहिला, डोक्याचं मुंडासं काढलं आणि म्हणाला, की चावडीत बसलेले पुष्कळ जण आजारी पडले, काही उठले. घरांमध्ये कोणाला काही झालं नाही, बायालेकरं सगळी धड आहेत. तुझी आईही धड आहे. तुझे वडील गेले.

मावशीने हंबरडा फोडला. मी नाही रडले. मी त्याला विचारलं, "दुसरा कोन आलाय?"

"मागनं येतोय. आमी बोललेलो नाय एकमेकांशी."

मग मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. याला मागेही राब दिसला होता. एका माणसाला जे दिसतं ते दुसऱ्याला दिसेलच असं नाही, हे मला आता चांगलं ठाऊक होतं. मी मुलीला पदराखाली घेऊन दारात बसले आणि वाटेकडे बघत राहिले. मावशी आत ये म्हणाली, नवरा म्हणाला, मी उठले नाही. सूर्य वर आला तेव्हा खाचराच्या बांधावरून खालच्या भावकीतला तो माणूस येताना दिसला. आमच्या घराशी बांधावरून वाकडं असलेला, चिता म्हणणारा. आयुष्यात त्याची वाट मी कधी बघेन असं वाटलं नव्हतं. मी मनात म्हणत होते, याला नेहमी वेगळंच दिसतं, याला आजही वेगळं दिसलेलं असू दे.

तो अंगणात आला, पहिल्याकडे न बघता त्याने मुंडासं काढलं, आणि तेच सांगितलं.